धुराची जागल

मागच्या संक्रांतीला मी घरी आसेगावला गेले तेव्हा सामानात बशीएवढी एक पांढरी डबी होती. स्मोक अलार्म. आमचं आसेगाव मंगरुळपीर तालुक्यातलं. (रिसोडकडचं आसेगाव पेन वेगळं. पत्ता सांगताना हा घोळ नेहमीचाच.) वाशीम जिल्हा आता सोयाबीनचा म्हणून ओळखला जातो, पण आमच्या वावरात अजून कापूस असतो, आणि भाव पटला नाही तर तो घरात येतो. 2022 साली कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला. पुढच्या हंगामात त्याच आशेवर विदर्भातल्या कितीतरी लोकांनी कापूस विकलाच नाही, घरात धरून ठेवला. तेव्हापासून आमच्या समोरच्या खोलीत जानेवारी ते मे कापसाची गंजी असते. तिच्या अंगालाच बाजेवर आजी झोपते, आणि बाजेखाली मच्छरांसाठी कॉइल जळत असते.

विद्यापीठाच्या हॉस्टेलवर मला हे चित्र झोपू देत नव्हतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि सध्या पीएच.डी.साठी हवेत तरंगणारे सूक्ष्म कण प्रकाश कसा विखुरतात यावर काम करते. धूर म्हणजे असेच कण. दिवसभर प्रयोगशाळेत धूर मोजायचा आणि घरी आजी कापसाशेजारी कॉइल लावून झोपते, हे काही बरोबर वाटेना. म्हणून अलार्म घेतला. स्टूल, दोन स्क्रू, पंधरा मिनिटं, काम झालं. सैपाकखोली आणि समोरची खोली यांच्या मधल्या बोळीत छताला लावून दिला. तिथून दोन्हीकडे लक्ष राहील, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तीळ भाजायला घेतले आणि डबी किंचाळायला लागली. "हे कायले बोंबलून रायलं वं?" आई कढई टाकून धावत आली. बाबांनी टॉवेलने वारा घातला. दोन दिवसांत हे चारदा झालं. तिळाला, फोडणीला, धुपाला आणि एकदा कशाला ते कळलंच नाही. मग माझी सुट्टी संपली.

आखाजीला परत गेले तेव्हा अलार्म छताला होता, पण मुका. आणि कित्येक महिने बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. अलार्मचे पेन्सिल सेल आईने घड्याळात टाकले होते.

आधी राग आला. मग या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की माझ्या आईने जे केलं तेच अमेरिकेत लाखो घरांनी तिच्या कितीतरी आधी केलं होतं. चूक तिच्यापेक्षा माझी जास्त होती. ती काय, ते सांगण्यासाठी हा लेख.

धूर रोजचा होता तेव्हा

आजी सांगते, तिच्या माहेरी सैपाकखोलीची आढी काळीकुट्ट होती. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून बाहेर पडायचा. वरच्या लाकडाला त्या धुरामुळे कीड कमी लागायची, म्हणून त्याचं कोणाला वाईटही वाटायचं नाही. सकाळी गावावर धूर दिसला म्हणजे घरोघरी चुली पेटल्या, लोक उठले. जनावरांच्या गोठ्यात मच्छरांसाठी मुद्दाम धूर करायचे. अशा घरात धूर ही धोक्याची खूण नसतेच. धोक्याची खूण म्हणजे जाळ.

धुरावर ओरडणारं यंत्र अशा घरात चोवीस तास ओरडत बसलं असतं. म्हणजे स्मोक अलार्म नावाच्या वस्तूला आधी एक विशिष्ट घर लागतं: ज्या घरात धूर हा अपवाद आहे असं घर. आपल्याकडे गावागावांत तसं घर येऊ लागलं ते फार अलीकडे, गॅस आल्यावर. उज्ज्वला योजना सुरू झाली 1 मे 2016 ला. त्यानंतरही सिलिंडर संपला की चूल पेटतेच. आमच्याकडे तर गॅस आहे, मागच्या अंगणात चूलही आहे, देवघरात धूप आहे आणि बाजेखाली कॉइल आहे. म्हणजे घर अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला.

मग पूर्वी आगीवर लक्ष कोण ठेवायचं? माणूस. बाबा तरुणपणी जागलीला जायचे. रात्रभर वावरात राहून पिकाची राखण करायची, रानडुकरं हाकलायची. ते सांगतात, शेजारच्या वावरातल्या माणसाला रात्रीतून दोन-तीनदा हाक मारायची. उत्तर आलं म्हणजे गडी जागा आहे. उत्तर नाही आलं तर जाऊन उठवायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

घरात मात्र रात्री सगळेच झोपलेले. "धूर झाला तर वासाने जाग येईलच की," असं आपल्याला वाटतं. येत नाही. 2004 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन आणि रेचल हर्झ या संशोधकांनी झोपलेल्या तरुण माणसांच्या नाकाशी पेपरमिंटचा आणि पिरिडीनचा वास सोडून पाहिला. पिरिडीनचा वास चांगलाच घाण असतो. गाढ झोपेत वासाला जवळजवळ काहीच प्रतिसाद मिळाला नाही. तीच माणसं साध्या आवाजाने मात्र जागी झाली. झोपेत नाक झोपतं, कान जागा असतो. त्यात जळणाऱ्या वस्तूतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे झोपलेला माणूस अजूनच गुंगतो. म्हणून आगीत दगावणारी पुष्कळ माणसं जळून नाही, धुराने जातात.

स्मोक अलार्मचं काम तसं एवढंच आहे. झोपलेल्या नाकाचं काम जाग्या कानाकडे सोपवायचं.

कापूस, धूर आणि 14 एप्रिल

धूर दिसणं आणि धूर कळणं यातलं अंतर किती महाग पडतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या गोदीतलं आहे. आणि त्यातही कापूस आहे.

14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' हे मालवाहू जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,395 टन स्फोटकं आणि दारूगोळा. वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारच्या जेवणाच्या वेळेत शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांना त्याच्या हवेच्या नळीतून धूर येताना दिसला होता. कोणी विशेष मनावर घेतलं नाही. गोदीत धूर नवीन नव्हता. जेवून हमाल परतले, तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. बंब आले, तळघरात 900 टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं, पण दाट धुरात आगीचं मूळ ठिकाणच सापडेना. दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मृतांचे अंदाज 800 ते 1,300 असे आहेत. त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान होते. त्यांच्याच स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

स्फोटकं होती म्हणून एवढा अनर्थ झाला, हे खरंच. पण कापसाचा स्वभावही पाहायला हवा. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. ठिणगी आत शिरली की कापूस जाळ न करता आतल्या आत तासन् तास धुमसतो. वरून पाणी मारलं तर वरचा थर विझतो, आतलं चालूच राहतं. म्हणून जिनिंगमधली जुनी माणसं आग विझल्यावरही गाठी फोडून पाहतात. आणि मोकळ्या गंजीत उलटं: वरच्या सुट्या तंतूंवरून जाळ झरकन धावतो, मग खाली धुमसत बसतो. आमच्या समोरच्या खोलीत नेमकी हीच गंजी.

दोन सिगारेटी

आग ओळखणारं यंत्र शोधणाऱ्यांनी आधी धूर नाही, उष्णता पकडली. 1890 साली एडिसनचा सहकारी फ्रान्सिस अप्टन याने स्वयंचलित विद्युत फायर अलार्मचं पेटंट घेतलं. 1902 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बीने उष्णता ओळखणारा अलार्म केला. गिरण्या, गोदामं यांना ते ठीक होतं. पण खोली तापेपर्यंत झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने उशीर झालेला असतो. धूर आधी येतो.

धूर पकडण्याची युक्ती सापडली ती चुकून. 1930 च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर येगर हा स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं उपकरण करत होता. दोन पट्ट्यांमधल्या हवेचं आयनीभवन करायचं, म्हणजे तिच्यातून अगदी बारीक वीजप्रवाह वाहील, आणि वायू आला की तो बदलेल, अशी कल्पना. वायू सोडला, काटा हलला नाही. असं सांगतात की वैतागून त्याने सिगारेट पेटवली, आणि काटा हलला. धुराच्या कणांनी आयन पकडून ठेवले होते. त्याच देशातल्या अर्न्स्ट माइलीने हा क्षीण बदल गजर वाजवण्याइतका मोठा करणारी खास नळी बनवली. पण ती उपकरणं महाग आणि अवजड होती. बँका, कारखाने, जहाजं यांच्यासाठी.

दुसरी सिगारेट अमेरिकेतली. कोलोरॅडोमधल्या ड्युएन पिअर्सलची छोटी कंपनी स्थिर विद्युत घालवणारी यंत्रं बनवायची. 1960 च्या दशकात तिथल्या एका तंत्रज्ञाने आयन मोजणाऱ्या मीटरजवळ सिगारेट ओढली आणि मीटर गडगडला. तीच गोष्ट, पण यावेळी ती घरात आली. पिअर्सल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी 1965 मध्ये बदलता येणाऱ्या बॅटरीवर चालणारा अलार्म केला. 1975 मध्ये त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. वायरिंग नको, इलेक्ट्रिशियन नको. स्क्रू मारा, सेल टाका.

या डबीत हवेचं आयनीभवन करतं ते अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी मूलद्रव्य. 1944 च्या शेवटी ग्लेन सीबोर्गच्या गटाने ते अणुबाँबच्या संशोधनादरम्यान शोधलं, आणि त्याची पहिली जाहीर वाच्यता झाली ती 11 नोव्हेंबर 1945 ला, मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात. नवीन मूलद्रव्य सापडलंय का, असं एका मुलाने विचारलं आणि सीबोर्ग सांगून बसले! डबीत ते मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं. त्याचे अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे छताला लावलेल्या डबीपासून धोका नाही. मात्र ती फोडायची नाही, कचऱ्यात जाळायची नाही. भारतात अशी उपकरणं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात.

कापसाची गादी की फोमची

दुसऱ्या जातीचा अलार्म माझ्या संशोधनाच्या जवळचा. यात किरणोत्सारी काही नाही. काळोख्या कप्प्यात एक एलईडी प्रकाश टाकतो, आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर त्या झोताच्या वाटेत न ठेवता बाजूला ठेवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर त्याला काही दिसत नाही. धुराचे कण आले की ते प्रकाश विखुरतात, थोडा सेन्सरवर पडतो, आणि गजर होतो. कवडशात धूळ दिसते ना, अगदी तसंच. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे फोटोइलेक्ट्रिक अलार्म घरांसाठी आले.

दोघांत फरक कणांच्या आकाराचा आहे. भडकलेल्या जाळातून निघणारे कण फार बारीक असतात. ते आयनीभवनाच्या डबीला लवकर कळतात. धुमसणाऱ्या आगीतले कण त्यामानाने मोठे, साधारण एका मायक्रॉनच्या आसपासचे. माणसाचा केस याच्या कित्येक दहापट जाड असतो. असे कण प्रकाश जास्त चांगला विखुरतात, म्हणून ते फोटोइलेक्ट्रिकला आधी दिसतात. सैपाकात कढईतून उडणारे अतिसूक्ष्म कण मात्र आयनीभवनाच्या डबीला फारच लवकर टोचतात. मी घाईत, स्वस्त म्हणून घेतलेली डबी नेमकी याच जातीची होती.

1970 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत, इंडियाना ड्यून्स भागात, पाडायला काढलेल्या खऱ्या घरांत आगी लावून या अलार्मांची परीक्षा झाली. अलार्म वेळेत जागं करतात असं दिसलं, आणि त्यानंतर ते घरोघरी लावण्याचा जोर वाढला. 2004 साली तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने तशाच चाचण्या पुन्हा केल्या. अलार्म अजूनही चांगलेच होते. बदललं होतं ते घरातलं सामान. भडकणाऱ्या आगीत बाहेर पडायला 1975 मध्ये सुमारे 17 मिनिटं मिळत होती, ती आता सुमारे 3 मिनिटांवर आली होती. कारण गाद्या, सोफे, पडदे कृत्रिम झाले. फोम धुमसत बसत नाही, पेट घेतो आणि दाट विषारी धूर सोडतो.

आमच्या घरात पिंजाऱ्याकडून पिंजून भरलेली कापसाची गादी आजीच्या बाजेवर आहे, आणि माझ्या भावाच्या दिवाणावर फोमची. दोन काळ एकाच घरात. आजीची गादी किंवा गंजी पेटली तर बहुधा आधी धुमसेल. म्हणून आमच्यासारख्या घराला फोटोइलेक्ट्रिक अलार्म जास्त योग्य.

सेल कोण बदलणार

आता आईच्या घड्याळाकडे येते. 1970 पर्यंत अमेरिकेत घरातला अलार्म ही दुर्मीळ वस्तू होती. 1990 च्या दशकात दहातल्या नऊहून अधिक घरांत तो होता. कुठल्याही सुरक्षा साधनासाठी हे यश थक्क करणारं आहे. पण त्याच दशकात तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने घरोघरी जाऊन बटणं दाबून पाहिली, तर अलार्म असलेल्या साधारण दर पाच घरांपैकी एकात एकही अलार्म चालत नव्हता. सर्वांत मोठं कारण: सेल संपलेले, किंवा काढून घेतलेले. लोकांनी ते का काढले? तळणाला ओरडतो म्हणून. भौतिकशास्त्र बरोबर होतं, जागा चुकली होती. माझ्यासारखीच.

पुढचे सुधार त्यातूनच आले. काही वेळ गप्प करणारं बटण आलं. सैपाकखोलीपासून निदान तीन मीटर लांब लावा, असा नियम आला. दहा वर्षं चालणारी, काढताच न येणारी लिथियम बॅटरी आली. म्हणजे ज्यांनी सेल काढले त्यांना बोल लावण्यापेक्षा, ते काढावेसे वाटू नयेत असं यंत्र करायचं.

पण मोठ्या इमारतींचं काय? तिथे बटण दाबणारी आई नसते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. परिचारिकेने दार उघडलं तेव्हा आत धूर भरलेला होता. सतरातली सात बाळं वाचवता आली, दहा गेली. त्यातली तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचं तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. भंडारा आमच्यापासून लांब असलं तरी विदर्भच. ती बातमी आमच्या घरी कोणीही शेवटपर्यंत ऐकू शकलं नाही.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर 2008 पासून लागू झाला. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचं असतं. यंत्र बसवलं एवढ्यावर न थांबता ते चालतंय का, हे वर्षातून दोनदा विचारणारी ही तरतूद मला त्या कायद्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. ती कागदावर राहते की प्रत्यक्षात येते, यावर सगळं अवलंबून. गावातल्या एकमजली घराला मात्र हे विचारायला कोणी येणार नाही. तिथे जानेवारी आणि जुलै आपणच.

आसेगावात, दुसऱ्यांदा

आखाजीला मी नवा अलार्म नेला. फोटोइलेक्ट्रिक, दहा वर्षांच्या बंद बॅटरीचा. लोडशेडिंगच्या गावात घरच्या विजेवर अवलंबून राहणारा नकोच. यावेळी लावण्याआधी घर नीट पाहिलं.

धूर गरम असतो, वर जातो, छताला लागून पसरतो. म्हणून अलार्म छताच्या मध्याजवळ हवा, हे पुस्तकी उत्तर. पण आपल्याकडे छताच्या मध्यावर पंखा असतो. पंख्याचा वारा धूर उधळून लावतो, त्यामुळे पात्याच्या टोकापासून निदान 90 सेंटीमीटर अंतर सोडायचं. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते, तिथे धूर उशिरा पोचतो. म्हणून कोपऱ्यापासून 10 सेंटीमीटर सोडायचे. भिंतीवर लावला तर छतापासून 10 ते 30 सेंटीमीटर खाली.

मोठी अडचण टिनांची. समोरच्या खोलीवर टिनं आहेत. मे महिन्यात दुपारी त्यांच्या खाली गरम हवेचा जाड थर तयार होतो, आणि धुमसणाऱ्या आगीचा कोमट धूर त्या थराच्या खालीच अडतो. छताला लावलेला अलार्म बसतो वर, धूर राहतो खाली. शिवाय अमेरिकी मानकाच्या पुष्कळ अलार्मांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान 4 ते 38 अंश दिलेलं असतं. वाशीमच्या उन्हाळ्यात 38 अंश म्हणजे बरा दिवस! यंत्र दुसऱ्याच हवामानातल्या घरासाठी घडलंय, ते असं कळतं. म्हणून माजघरात, जिथे स्लॅब आहे, समोरच्या खोलीच्या दाराच्या जवळ, आतल्या भिंतीवर लावला. ते दार रात्री उघडं ठेवायचं ठरलं. सैपाकखोली तिथून तीन मीटरपेक्षा लांब, देवघरही.

एक गोष्ट आईला मुद्दाम सांगितली: हा अलार्म गॅसची गळती ओळखत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. त्याचं यंत्र वेगळं आणि ते खाली लावतात. सिलिंडरचा वास आला तर याच्या भरवशावर बसायचं नाही.

मग बटण दाबून पाहिलं. तीन टाहो, थोडी शांतता, पुन्हा तीन. दुपारची वेळ. आई दचकली, शेजारची काकू धावत आली. आजी मात्र बाजेवर शांत झोपलेली. हे मला माहीत असायला हवं होतं. नेहमीच्या अलार्मचा आवाज तीन मीटरवर 85 डेसिबल, पण बराच तीव्र सुराचा, 3,000 हर्ट्झच्या आसपासचा. वयाबरोबर आधी वरचे सूरच ऐकू येईनासे होतात. ऑस्ट्रेलियातल्या डोरोथी ब्रूक यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. लहान मुलं आणि कमी ऐकू येणारी माणसं 520 हर्ट्झच्या जाडसर आवाजाला जास्त सहज जागी होतात, असं त्यातून दिसलं. तसे अलार्म आमच्या आवाक्यातले नाहीत. म्हणून अलार्म आजीसाठी नाही, आईसाठी आहे, असं आम्ही स्पष्ट ठरवलं. वाजला की आईने आधी आजीला बाहेर काढायचं. बाबांनी मेन स्विच पाडायचा. सामान, कापूस, कशासाठीही आत वळायचं नाही. बाहेर आल्यावर 101 किंवा 112 लावायचा. बंब तालुक्याहून यायचा, म्हणजे पहिली मिनिटं आपलीच.

आणि अलार्मपेक्षा मोठं काम त्या दिवशी वेगळंच झालं. आजीची बाज माजघरात आली, कॉइल गेली, मच्छरदाणी आली. गंजीवरून जाणारी बल्बची लोंबती वायर बाबांनी काढली. अलार्म आग विझवत नाही, लागू नये हेही त्याच्या हातात नाही. सगळं करूनही चुकलंच तर तो जागं करतो, इतकंच.

राहिली देखभाल. डबीच्या मागे मार्करने बसवल्याची तारीख लिहिली. दहा वर्षांनी सेन्सर थकतो, डबीच बदलायची. सोयाबीन काढणीनंतर घरभर धूळ बसते, तेव्हा मऊ ब्रशने जाळी झटकायची. बारीक किडे आत शिरले तरी खोटा गजर होतो. अर्ध्या-एक मिनिटाला एकच 'चिक्' असा आवाज यायला लागला तर ती आग नाही, बॅटरी संपत आल्याची हाक आहे. आणि महिन्यातून एकदा बटण.

"महिन्याच्या कोणत्या तारखेले दाबू?" आईने विचारलं. मी म्हटलं, एक तारखेला. तिने मान हलवली. तारखा तिच्या लक्षात राहत नाहीत. बचत गटाची मीटिंग मात्र ती कधी चुकवत नाही. मग मीटिंगचा दिवस ठरला. हप्ता भरून आलं की फड्याच्या दांडीने बटण दाबायचं.

बाबा बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे जागल्याले हाक मारून पाह्यचं, जागा हाये का निजला." तेवढंच. मी अर्धा तास जे समजावत होते, ते त्यांना आधीपासून येत होतं.

परवा फोनवर आईला विचारलं, मीटिंग झाली का. झाली म्हणाली, आणि मग फोनमधून तीन टाहो ऐकू आले.